ऑलिव्ह बशीत नको, आमटीत हवीत

परवाच्या शब्बाथला सिंगापुरातील एका बेने इस्राएल घरी आम्हाला जेवायला बोलावणे होते. किद्दुश झाला, हात धुतले, सर्व मंडळी बसली. मेजाच्या मधोमध काचेच्या सुंदर बशीत हिरवी आणि काळी ऑलिव्ह मांडलेली. आणि नारळाच्या रसातली मासळीची आमटी? ती आत स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली! काही परके पाहुणे होते, म्हणून घरची सून हळूच म्हणाली, "आमटी मागाहून आपल्या-आपल्यात घेऊ. पाहुण्यांपुढे ऑलिव्ह बरी दिसतात. ते खरे ज्यू खाणे." शेजारी बसलेल्या एक वयस्क मावशी लगेच फणकारल्या, "कसले ज्यू खाणे! आपल्या आजीने कधी ऑलिव्ह डोळ्यांनी तरी पाहिले होते का? आपले ते कोकम."

जेवण छान झाले, पण ही दोन वाक्ये आमच्या मनातून जाईनात. परदेशी गेलेल्या आपल्या पुष्कळ घरांत हेच दोन पक्ष आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या मते सूनबाई चुकल्या आणि मावशीही चुकल्या. ऑलिव्ह शोभेची वस्तू नव्हे आणि परकीही नव्हे. ती रोजच्या पातेल्यात गेली पाहिजेत.

आधी मावशींशी बोलू. मावशी, तुमच्या हिरव्या वाटणातली मिरची तरी मूळची आपली कुठे आहे? ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आली. बटाटा, टोमॅटोही तिकडचेच. आज मिरचीवाचून आमटी करून दाखवा पाहू! जी वस्तू रोज चुलीवर चढते ती दोन-तीन पिढ्यांत आपली होते.

शिवाय आपण कोण, हे आठवा. कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत: घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक. तेलाच्या फळाने आपण दचकावे हे शोभत नाही. पेसाहला जुनी माणसे 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत. आंबट रसाची बरणी त्या दिवसांत झाकून ठेवायची म्हणून ते नाव. आंबट बरणी घरात असणे काही नवे नाही. आणि तोरामध्ये इस्राएल देशाची जी सात पिके सांगितली आहेत त्यांत जैतून, म्हणजेच ऑलिव्ह, आहे. आपल्या धर्मशास्त्रात 'कझाइत', म्हणजे एका ऑलिव्हएवढा घास, हे मापच आहे. पेसाहच्या रात्री मत्सा त्या मापाने खातात. ज्या फळाने आपण घास मोजतो ते परके कसे?

आता सूनबाईंशी. सूनबाई, राग मानू नकोस. ज्यू खाणे बरणीवरच्या चिठ्ठीने ठरत नाही. तुझ्या त्या झाकलेल्या आमटीत काय आहे ते बघ. मासळी पंख आणि खवले असलेली. कोळंबी नाही, शिंपल्या नाहीत. आपल्या रश्शांत नारळाचा रस असतो, कारण मटणात दूध-दही चालत नाही. आपली परंपरा सांगते की दावीद राहाबी कोकणात आला तेव्हा त्याने आपल्या बायकांपुढे मासळी ठेवली, आणि त्यांनी पंख-खवल्यांची तेवढी वेगळी काढली. त्यावरून त्याने आपल्याला ओळखले. ओळख पटली ती मासळीने! पुढे इस्राएलात आपल्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश निघाला, तेव्हा आपल्या लोकांनी जेरुसलेमला निदर्शने केली आणि १९६४ साली तो आदेश बदलायला लावला. दुसऱ्यांनी घेतलेली शंका आपण अशी मोडून काढली. मग तीच शंका आता आपणच आपल्या पातेल्यावर का घ्यावी?

कोणी विचारील, आमटी चांगलीच आहे तर तिच्यात ऑलिव्ह कशाला? आमची कारणे साधी आहेत. सिंगापुरात टेक्का बाजारात ताजा खवलेला नारळ मिळतो, सुरमई तेंगिरी या मलय नावाने मिळते, कढीलिंब मिळतो. चांगले ओलसर कोकम मात्र नेहमी हाती लागत नाही. ऑलिव्ह ना मांसाचे, ना दुधाचे. मासळी, मटण, भाजी, कशातही चालते. आणि तिसरे कारण नातवंडे. ती कोकम पाहून तोंड फिरवतात, पण ऑलिव्ह त्यांच्या ओळखीचे. त्या ओळखीच्या फळाच्या निमित्ताने ती आमटीचा घास घेतात, हे आम्ही घरी पाहिले आहे.

आमची बरीच वर्षे रुग्णसेवेत गेली, म्हणून मिठाविषयी बोलणे भाग आहे. कच्चे ऑलिव्ह इतके कडू की खाववत नाही. तो कडूपणा घालवण्यासाठी ते मिठाच्या पाण्यात मुरवतात. दहा मध्यम हिरव्या ऑलिव्हमध्ये साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम असते. दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम. सिंगापूरच्या २०२२ च्या आहार पाहणीत माणशी रोजचे सरासरी सोडियम ३,६२० मिलिग्रॅम निघाले, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोन पट. बशी समोर असली की बोलता बोलता पंधरा-वीस ऑलिव्ह सहज पोटात जातात, आणि वर आमटीचे मीठ वेगळे. चार माणसांच्या पातेल्यात दहा ऑलिव्ह घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच येतात. रक्तदाबाला आणि खिशालाही बशीपेक्षा पातेले बरे.

कृती अशी. दहा हिरवी ऑलिव्ह अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून ते पाणी फेका. बिया काढून फळ जरा ठेचा. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरे वाटून तेलावर परता, हळद घाला, पातळ नारळाचा रस ओता. उकळी आली की मासळी आणि ऑलिव्ह सोडा. शेवटी दाट रस घालून मंद आचेवर दोन मिनिटे ठेवा. मीठ आधी घालू नका. चव घ्या, मग ठरवा. बटाट्याच्या सुक्या भाजीत मोहरी-कढीलिंबाच्या फोडणीवर काळी ऑलिव्ह चिरून टाका. खिम्यात शेवटच्या पाच मिनिटांत घाला. भिजवलेली ऑलिव्ह, लसूण आणि भाजलेले सुके खोबरे वाटून चटणी करा. ती गरम भातावर फार छान लागते. वालाच्या बिरड्यात मात्र नको. तिथे कडवटावर कडवट होते. बिरड्याला कोकमच हवे.

इथल्या तिओच्यू चिनी लोकांकडे पाहा. त्यांचे चिनी ऑलिव्ह निराळ्याच झाडाचे, आपल्या जैतुनाशी त्याचे गोत्र जुळत नाही. ते फळ मोहरीच्या पाल्याबरोबर तेलात तासन् तास शिजवून ते बरणी भरतात आणि साध्या पेजेबरोबर खातात. हॉकर सेंटरात त्याचाच भात मिळतो. तिथले खाणे कोशर नाही म्हणून आम्ही घेत नाही, पण धडा घेतो. तेही आपल्यासारखे समुद्र ओलांडून आले. त्यांनी आपले ऑलिव्ह पाहुण्यांपुढे मिरवायला ठेवले नाही. रोजच्या पेजेला लावले, म्हणून त्यांच्या नातवंडांना ते ठाऊक आहे.

वाचक भगिनींनो, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्या बंधूंनो, पुढच्या शब्बाथला पाहुणे आले की पातेले मेजावर मधोमध आणा. मावशींनी नाक मुरडले तर त्यांना पहिली वाटी वाढा. पाहुण्यांनी विचारले तर मान वर करून सांगा, ही आमच्या घरची आमटी. ज्यांना आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी जरूर उलट लिहावे; पण आधी एकदा करून, जेवून, मग लिहावे.