पडदा कोणत्या धातूचा?

इलेक्ट्रिक गिटारचे पडदे निकेलचे चांगले की स्टेनलेस स्टीलचे, या प्रश्नावर आमच्या वसतिगृहात यंदा जेवढा वाद झाला तेवढा अभ्यासक्रमातल्या एकाही प्रश्नावर झाला नसेल. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलतात. पण हे दोन धातू आहेत तरी काय, हे कोणी विचारीत नाही. मी बालाघाटचा. आमच्या जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची खाण आहे, आणि भरवेली, उकवा, तिरोडी येथे मँगेनीज निघते. दगडातून धातू काढण्यासाठी काय काय करावे लागते ते लहानपणापासून कानांवर पडलेले असल्यामुळे धातूच्या नावाला मी सहसा फसत नाही.

ज्याला निकेलचा पडदा म्हणतात तो वस्तुतः निकेलचा नव्हेच. ती मिश्रधातू आहे; आपल्याकडे तिला जर्मन सिल्वर म्हणतात. तीत चांदीचा कणही नसतो. सुमारे साठ ते पासष्ट टक्के तांबे, अठरा टक्क्यांच्या आसपास निकेल आणि बाकी जस्त. म्हणजे नावात चांदी, बोलण्यात निकेल आणि पोटात तांबे! उलट स्टेनलेस स्टील म्हणजे निकेलविरहित धातू, असा काहींचा समज आहे. तोही खोटा. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलमध्ये अठरा टक्के क्रोमियम असते, तसे आठ टक्के निकेलही असते. शिवाय पोलादाच्या कारखान्यात मँगेनीजवाचून पान हलत नाही. तेव्हा हा वाद निकेल विरुद्ध स्टील असा नसून मऊ धातू विरुद्ध कठीण धातू असा आहे. एवढे ध्यानात घेतले तरी निम्मे भांडण मिटते.

दुकानदार मात्र सांगतो ते आवाजाचे. स्टीलच्या पडद्याने सूर ‘झगझगीत’ होतो, निकेलने ‘उबदार’ राहतो, वगैरे. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार असते. वरची पोलादी तार कंप पावली की त्या गुंडाळीत वीज उत्पन्न होते आणि तीच पुढे ध्वनिवर्धकात जाते. त्या यंत्रणेला पडद्याचा आवाज ऐकू येत नाही, तारेचा येतो. पडदा तारेचे एक टोक धरून ठेवतो. त्याच्या कठीणपणाचा परिणाम झालाच तर अगदी पुसट. त्यापेक्षा तार जुनी की नवी, बोट कसे दाबले, ध्वनिवर्धकाचे कान किती पिळले, यांनी कितीतरी जास्त फरक पडतो. मोकळी तार छेडली तर ती पडद्याला टेकतही नाही. तरीही ‘उबदार’पणाचे वेगळे पैसे द्यायला आपली मुले तयार! स्टीलवर तार ओढताना बोटाला गुळगुळीतपणा जाणवतो हे मात्र खरे, आणि तेवढे मी त्या पक्षाला मोकळ्या मनाने देतो.

खरा प्रश्न झिजेचा आहे. पोलादी तार जर्मन सिल्वरपेक्षा कठीण. रोज दाबून आणि ओढून मऊ पडद्याला खाचा पडतात, मग तार खरखरते, सूर धड लागत नाही. सतारवाल्यांना हे काही नवे नाही. मिरज आपल्याला जवळ आहे. तिथल्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावण्याचा धंदा मागे पडल्यावर वाद्ये घडवायला घेतली. फरीदसाहेबांपासून चालत आलेल्या त्या कसबामुळे २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे एकोणीस-वीस पडदे पितळेचे किंवा जर्मन सिल्वरचे असतात. मींडेने तेही झिजतात. पण ते दांडीला दोऱ्याने बांधलेले! रागाप्रमाणे वर-खाली सरकवता येतात, खाच पडली तर कानशीने घासता येतात, आणि अगदीच गेला तर दोरा सोडून तेवढा एक पडदा बदलला की काम झाले. आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांना वीणा ठाऊक आहेच. तिचे चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात. मेण मऊ केले की पडदा हलतो.

गिटारचा पडदा मात्र लाकडात खाच करून ठोकलेला. तो उपटायचा म्हणजे लाकडाचे कपचे उडण्याची धास्ती, आणि सगळे पडदे बदलायचे तर स्वस्त गिटारच्या बाबतीत मजुरी वाद्याच्या किमतीच्या घरात जाते. म्हणून माझे म्हणणे असे की, पडद्याची धातू त्याच्या बैठकीवरून ठरवावी. जो सोडता येतो तो मऊ असला तरी चालतो. किंबहुना मऊच असावा, कारण कारागिराला तो हाताने वाकवून दांडीवर बेतता येतो. जो कायमचा ठोकायचा तो कठीण असलेला बरा. १९९३ साली अमेरिकेत पार्कर कंपनीने आपल्या ‘फ्लाय’ गिटारला स्टेनलेसचे पडदे लावले ते मला यासाठीच शहाणपणाचे वाटते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. स्टील कानशीला दाद देत नाही. हत्यारे बोथट होतात. जर्मन सिल्वरच्या झिजलेल्या पडद्याला कोणताही बऱ्या हाताचा कारागीर आकार देऊ शकतो, स्टीलच्या वाटेला तो जात नाही. सगळे स्टीलचे झाले तर दुरुस्ती करणारा हातच उरणार नाही. मान्य. पण आमच्या बालाघाटला गिटारचे काम निघाले की आम्हांला नागपूर गाठावे लागते. जिथे दुरुस्त करणारा शेजारी नाही तिथे न झिजणारी वस्तू घेणे ही चैन नव्हे.

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाची गिटार तर दहा जण वाजवतात, आणि स्नेहसंमेलनाच्या महिन्यात तिला विश्रांती नसते. ती नवी घ्यायची असेल तेव्हा जादा पैसे देऊन स्टीलच्या पडद्यांची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हल्ली ‘गिटार संपली’ म्हणून ज्या माळ्यावर टाकल्या जातात त्यांतल्या पुष्कळशा संपलेल्या नसतात. पडदे खाचावलेले असतात, इतकेच. खाणीत किंवा शेतात राबणाऱ्या बापाने घेऊन दिलेली वस्तू अशी टाकून देणे मला पटत नाही. ते पडदे जर्मन सिल्वरचेच आहेत. मंडळाने सुटीत दोन विद्यार्थी मिरजेला कानस धरायला शिकायला पाठवावेत. सतारीची जवारी काढणाऱ्या हातांना गिटारचे बावीस पडदे एका पातळीत आणणे जड जाणार नाही, आणि जाण्यायेण्याचा खर्च नव्या गिटारपेक्षा खासच कमी येईल.