चौकोनाबाहेरचें ला प्लाटा

नगररचनेवरील चार पुस्तकें वाचलेला मनुष्य ला प्लाटाचें नांव निघतांच हात जोडतो. अर्जेंटिनांतील ब्यूनॉस आयर्स प्रांताची ही राजधानी. १८८० सालीं ब्यूनॉस आयर्स शहर प्रांतापासून तोडून राष्ट्राच्या राजधानीसाठीं घेण्यांत आलें, तेव्हां प्रांताला नवें ठाणें हवें झालें. गव्हर्नर दार्दो रोचा यांनीं १९ नोव्हेंबर १८८२ रोजीं मोकळ्या माळावर त्याचा पाया घातला आणि पेद्रो बेनोआ यांच्या हाताखालील इंजिनियरांनीं नकाशा आंखला. सुमारें पांच किलोमीटर बाजूचा चौरस, दर सहा गल्ल्यांनंतर एक रुंद हमरस्ता, हमरस्ते जेथें मिळतील तेथें बाग, आणि या सर्वांस कापीत जाणारे तिरपे मार्ग. रस्त्यांस नांवांऐवजीं आंकडे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत हें शहर गौरविलें गेलें. आम्हींही हा नकाशा पुष्कळ वर्षें वर्गांत फळ्यावर काढून दाखविला आहे आणि विद्यार्थ्यांची वाहवा ऐकून संतोष पावलों आहों. तेव्हां पुढील लिखाणांत जो दोष दाखविला आहे, त्याचा निम्मा वांटा आमच्याच पदरीं आहे.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या चौरसाची ही स्तुति चालते, त्या चौरसांत ला प्लाटाचे बहुतेक लोक राहतच नाहींत. २०२२ च्या शिरगणतींत या नगराची व भोंवतालच्या वस्त्यांची मिळून लोकसंख्या साडेसात लाखांवर भरली. त्यांतील फार मोठा भाग वेशीवरच्या रस्त्यापलीकडे नांदतो. तेथें बागांचा हिशेब संपतो, आंकडे मात्र संपत नाहींत! टोलोसांत गेलें तर रस्ते पांचशेंच्या घरांत पोंचलेले आढळतात. गणित बाहेर गेलें, बाग आंतच राहिली.

आणि ह्या बाहेरच्या वस्त्या कांहीं कालच्या नव्हेत. टोलोसा हें गांव १८७१ चें, म्हणजे राजधानीहून जुनें. रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांसाठीं तेथें चाळी उठल्या. त्यांस ‘हजार घरें’ असें नांव पडलें, यद्यपि हजार घरें तेथें कधींच नव्हतीं. नैर्ऋत्येकडील लॉस ऑर्नोस या नांवाचा अर्थच मुळीं ‘भट्ट्या’. नव्या राजधानीच्या इमारतींस लागणाऱ्या विटा तेथें भाजल्या गेल्या. चौरसाच्या कडेलाच असलेल्या एका मोहल्ल्याचें नांव एल मोंदोंगो, म्हणजे वजडी. शेजारच्या बेरिस्सोंतील मांसाच्या कारखान्यांत राबणारे मजूर सायंकाळीं वजडी घरीं नेत, म्हणून हें नांव, असें तेथले लोक सांगतात. राजधानी बांधणारे, तिला खाऊं घालणारे, तिच्या गाड्या दुरुस्त करणारे हे लोक. नगररचनेच्या पुस्तकांत त्यांना एक तळटीपही मिळत नाहीं.

हा अन्याय केवळ कागदावरचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पण हा माळ दिसतो तितका सपाट नाहीं. त्यावरून ओढे वाहतात. त्यांतील मुख्य ‘मांजराचा ओढा’, आणि त्याला मिळणारे दोन लहान प्रवाह थेट त्या सुंदर चौरसाखालून येतात. त्यांना पुढें नळांत कोंडून वर रस्ते केले. नकाशावर ओढा दिसेनासा झाला. पाण्याला मात्र ही बातमी कोणीं दिली नाहीं. उत्तरेकडील वस्त्या २००८ सालीं पाण्याखालीं गेल्या. तरी २०१० सालीं बांधकामाचे नियम बदलून उंच इमारतींस अधिक मोकळीक देण्यांत आली. मग २ एप्रिल २०१३ रोजीं थोड्या तासांत कांहीं भागांत जवळजवळ चारशें मिलिमीटर पाऊस कोसळला. चौरसांतील सखल भाग बुडालाच, पण खालच्या अंगाला असलेल्या टोलोसाची दशा सर्वांत भयंकर झाली. रात्रींच्या अंधारांत बैठ्या घरांतून पाणी चढत गेलें. मृतांचा सरकारी आंकडा प्रथम पन्नाशीच्या आसपास सांगण्यांत आला. न्यायालयाच्या चौकशीनंतर तो ८९ वर गेला. रस्ते मोजण्यांत इतक्या निष्णात असलेल्या या शहराला आपलीं माणसें मोजण्यास न्यायाधीशाची गरज पडावी!

कोणी म्हणेल, १८८२ च्या इंजिनियरांवर २०१३ च्या पावसाचें खापर फोडणें योग्य नव्हे. कबूल. बेनोआंवर आमचा रोष नाहीं; त्यांनीं आपलें काम उत्तम केलें. रोष आहे तो त्यांच्या मागून आलेल्या भक्तांवर. यांनीं चौरसाची पूजा बांधली आणि वेशीबाहेरचा विस्तार ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडला. उत्तरेला सिटी बेलच्या बाजूस सधन लोकांचीं वृक्षराजींतलीं घरें आणि फाटकबंद वसाहती. आग्नेयीला अल्तोस दे सान लोरेन्सोसारख्या भागांत गरिबांनीं आपल्या हातांनीं उभारलेल्या वस्त्या. पश्चिमेला भाजीपाल्याच्या मळ्यांवर प्लास्टिकचें छप्पर, ज्यावरून पावसाचा थेंब न मुरतां सरळ उतारास लागतो. या सर्वांचें पाणी शेवटीं कोणाच्या दारांत जाणार, हा प्रश्न नगररचनेचा नव्हे काय?

हल्लीं ला प्लाटास जाणारे रसिक बहुधा ल कोर्बूझ्ये यांनीं रचलेलें कुरुचेत यांचें घर पाहण्यास जातात. चंडीगडचें कॅपिटॉल आणि हें घर २०१६ सालीं जागतिक वारशाच्या एकाच नोंदींत आलें, म्हणून आमच्याकडील मंडळींसही त्याचें अगत्य. घर खरोखर पाहण्याजोगें आहे; जावें आणि पाहावें. परंतु तेथून टोलोसाचा रस्ता फार लांब नाहीं, आणि हजार घरांकडे नेणारी मार्गदर्शिका आमच्या पाहण्यांत अद्याप आलेली नाहीं.

आम्हांपुरतें ठरलें आहे. पुढील सत्रांत हा नकाशा काढण्याची पाळी येईल तेव्हां आरंभीं ओढे काढूं, मग भट्ट्या, मग टोलोसा. चौरसाला फळ्यावर जी जागा उरेल ती त्याची.