अर्ध्या हळकुंडाने पिवळे

आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना म्हणी आणि वाक्प्रचार शिकवण्याचे काम दरसाल माझ्याच वाट्याला येते. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' म्हणजे थोडेसे हाती लागताच फुशारून जाणे, हा अर्थ मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "बाई, मग अख्ख्या हळकुंडाने पिवळे झाले तर चालते का?" वर्ग हसला, मीही हसले आणि तास संपला. पण त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. कारण आमच्या घरात त्याच सुमारास हळकुंडावरूनच एक रामायण होऊन गेले होते.

माझे माहेर सांगलीकडचे आणि सासर साताऱ्याचे. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा मला अभिमान आहे; पण हळदीची गोष्ट निघाली की माझ्यातली माहेरवाशीण जागी होते. लहानपणी आप्पा आम्हा भावंडांना हरिपूरला पेव बघायला न्यायचे. तोंड अरुंद, पोट मोठे, असा जमिनीत खणलेला तो खड्डा. त्यात हळद भरून तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, म्हणून कीडही लागत नाही. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मी पुस्तकातून नव्हे, तिथे उभी राहून शिकले. २००५च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले आणि हळद कुजली. आप्पांची काही पोती त्यात होती. 'जमिनीवर विश्वास ठेवला, नदीला विचारायचं राहिलं,' एवढेच ते बोलले. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते पाहायला आप्पा नव्हते.

दर वर्षी पाडव्यानंतर दादा वर्षाची हळकुंडे घेऊन साताऱ्याला येतो. दिसायला ती साधीच, मळकट पिवळी. सासूबाईंना ती कधी मनापासून आवडली नाहीत. त्यांचे म्हणणे, हळद कशी डोळ्यांत भरली पाहिजे! यंदा फाल्गुनातच घरातली हळद संपली, तेव्हा त्यांनी संधी साधली आणि बाजारातून दोन किलो हळकुंडे आणवली. काय तो रंग! सोन्याच्या कांड्याच जणू. त्यांनी ती दळून आणली, थोडी अख्खी ठेवली आणि मला म्हणाल्या, "बघ, याला म्हणतात हळद."

त्याच दिवसांत माझी पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना सरत आलेला, त्यात खोकला जडला. औषधे फार घ्यायची नाहीत, म्हणून सासूबाई रोज रात्री तिला हळद घातलेले दूध देऊ लागल्या. पेल्याच्या तळाशी पिवळा गाळ राहिला तर तोही ढवळून प्यायला लावायच्या. सव्वा महिना हे चालले.

मग दादा आला. पोते उतरवून पाणी प्यायला बसला, तोच त्याची नजर परातीतल्या त्या सोनेरी कांड्यांवर गेली. एक उचलून त्याने अंगठ्याने घासली, अंगठा पाहिला आणि गप्प झाला.

"काय पाहुणे, आमची हळद पसंत पडली का?" सासूबाईंनी विचारले.

"मावशी, दोन काचेचे पेले देता का पाणी घालून?"

एका पेल्यात त्याने त्यांचे हळकुंड सोडले, दुसऱ्यात आपले. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. चहा होईपर्यंत सासूबाईंच्या पेल्यातले पाणी पिवळे झाले होते. दादाच्या पेल्यातले तसेच नितळ होते.

"चांगलं हळकुंड असं पाण्यात रंग सोडत नाही," दादा हळूच म्हणाला. "हा वरून चढवलेला रंग दिसतोय. पुण्याला तपासून घेऊ. तोवर पोरीचं दूध बंद करा."

तपासणीचा कागद आठवड्याने आला. त्यात लेड क्रोमेट होते. रंगवाले पिवळ्या रंगासाठी जे वापरतात तेच, शिसे असलेले. कमअस्सल, काळपटलेल्या हळकुंडावर ते चोळले की हळकुंड उजळते आणि भावही चढतो. आम्ही पुतणीला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी रक्त तपासले, धीर दिला, पण एक गोष्ट लपवली नाही. शिसे आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाते आणि कोवळ्या मेंदूला ते बाधते. "थोडे चालते का?" असे मी विचारले. शिशाला 'इतके चालेल' अशी निर्धोक पातळीच सापडलेली नाही, असे ते म्हणाले. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. "माझ्या हातानं पाजलं गं," एवढेच पुनःपुन्हा म्हणत राहिल्या.

रात्री ओसरीवर मी आणि दादा बसलो होतो. मी रागाने म्हणाले, "या देशात कुणी बघायला आहे की नाही?" दादा हसला, पण ते हसू कडवट होते. त्याचे कारण मला ठाऊक होते.

२०१० साली दादाची द्राक्षे युरोपला गेली होती. वेलीची वाढ आवरून घड जास्त धरावेत म्हणून आपले बागायतदार छाटणीनंतर क्लोरमेक्वॅट नावाचे औषध फवारत असत. त्या वर्षी युरोपातल्या प्रयोगशाळांनी द्राक्षांत त्याचा अंश शोधला. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! आपल्याकडे निर्यातीआधी जी रसायने तपासली जात, त्या यादीत हे औषध नव्हतेच. महाराष्ट्रातल्या कितीतरी बागायतदारांचा माल अडकला, दादाचाही. त्या साली त्याने बहिणीला भाऊबीज घातली ती उसने पैसे काढून, हे मला पुढे वहिनीकडून कळले. तेव्हापासून 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द ऐकला की तो भडकायचा. मी त्याला समजावायला जाई आणि आमचे भांडण होई.

मी वाचून ठेवले होते ते असे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघींनी मिळून एक आयोग नेमला, त्याची पहिली बैठक १९६३ साली रोमला भरली. नाव लॅटिन, 'कोडेक्स ॲलिमेंटेरियस'. आपण त्याला अन्नसंहिता म्हणू. भारत १९६४ साली त्याचा सभासद झाला. आज १८०हून अधिक देश त्यात आहेत. कोणत्या पदार्थात ओलावा किती असावा, राख किती, किडीचे अवशेष किती, विषारी अंश कुठवर खपवून घ्यावा, हे तिथे ठरते. याच दोन संघटनांचे तज्ज्ञमंडळ १९५६ पासून रंग, रसायने, धातू यांचा विचार करते. शिशाची आठवड्याला अमुक इतकी मात्रा सोसेल, असा पूर्वी त्यांचा आकडा होता. २०१० साली त्यांनी तो मागे घेतला. आमच्या डॉक्टरांचे म्हणणे तिथूनच आलेले. या संहितेला स्वतःचा शिपाई नाही, तुरुंग नाही. पण १९९५ साली जागतिक व्यापार संघटना झाली आणि देशादेशांतल्या तंट्यात हीच संहिता प्रमाण मानली जाऊ लागली. एखाद्या देशाला त्याहून कडक नियम करायचा तर त्याने शास्त्रीय कारण दाखवावे, असा करार आहे. आणि मसाल्यांसाठी २०१३ साली जी समिती नेमली, तिचे यजमानपद भारताकडेच आहे. तिची पहिली बैठक २०१४ साली कोचीला झाली. मिरी आणि जिरे यांचे दर्जे २०१७ साली ठरले; हळदीचा मसुदा २०२४च्या आरंभी कोचीलाच पक्का होऊन आयोगाकडे गेला. म्हणजे नियम करणारे सगळे परके, हे खरे नव्हे.

हे सगळे मी त्या रात्री पुन्हा सांगू लागले, तेव्हा दादाने मला थांबवले.

"मला आता त्यांचा राग नाही गं. त्या साली लई चिडलो होतो. पण तेव्हापासून कुठल्या दिवशी कुठली फवारणी, सगळं वहीत लिहितो. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. जर्मनीतल्या पोराच्या ताटात माझं द्राक्ष जायच्या आधी वीस टनांत एक ग्रॅम हुडकणारा माणूस तिथं बसलाय. आपल्या पोरीच्या दुधात शिसं गेलं, ते हुडकायला कोण होतं? मी होतो, आणि मी उशिरा आलो."

मी निरुत्तर झाले. कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. भेसळ प्रतिबंधाचा कायदा १९५४ साली झाला, त्याच्या जागी २००६ साली नवा अन्नसुरक्षा कायदा आला. हळदीत लेड क्रोमेट मुळीच असता कामा नये, असे आपला नियमही सांगतो. गिऱ्हाइकाला पदार्थ तपासून घेण्याचा हक्कसुद्धा त्या कायद्यात आहे. फक्त विकत घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. मी तो प्रयोग करून पाहिला. त्याच दुकानी जाऊन म्हणाले, "ही हळकुंडे तपासणीसाठी घेते आहे." दुकानदाराने पुडी परत ओढून घेतली आणि गोड हसून म्हणाला, "बाई, मग नका ना घेऊ!" मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार धाडली, ती वेगळी.

हे सुधारणारच नाही असेही नाही. बांगलादेशात १९८०च्या दशकात पुराने हळद काळवंडली, तेव्हा तिला उजळवण्यासाठी हीच पूड वापरात आली आणि मग अंगवळणी पडली. आपणही पुराच्या काठचे लोक, म्हणून हे मला फार लागले. तिथे २०१९ साली तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडले. शास्त्रज्ञांनी ते जाहीर केले, सरकारने हातात धरायचे क्ष-किरण यंत्र घेऊन घाऊक बाजारात धाडी घातल्या, दंड केले, भित्तिपत्रके लावली. २०२१ साली तो आकडा शून्यावर आला. दोन वर्षांत! रोमचा कागद ढाक्याच्या बाजारापर्यंत चालत गेला, कारण त्याला कुणीतरी पाय दिले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल. आपल्या पिकाचा जो भाग परदेशी जातो, तो आपण निवडतो, पाखडतो, प्रयोगशाळेत धाडतो, आणि सातासमुद्रापार आपला माल चालला म्हणून छाती फुगवतो. उरलेला घरच्यांच्या ताटात पडतो, त्याला कुणी विचारत नाही. पाहुण्याला नीट वाढावे ही आपली रीतच आहे; पण पाहुण्याचे ताट धुऊन घ्यायचे आणि लेकरांचे तसेच मांडायचे, ही रीत कुठली? अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते हेच. आणि दोष सगळा दुकानदाराचाही नाही. रंग आम्हीच मागितला होता.

पुतणी आषाढात सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. डॉक्टर तिच्यावर लक्ष ठेवून आहेत. आजवर काळजीसारखे काही दिसलेले नाही. यंदा तिची पहिली दिवाळी. काल उटण्याची तयारी करायला मी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर पाण्याचा एक पेला, त्यात एक मळकट हळकुंड, आणि समोर पाटावर सासूबाई चष्मा लावून बसलेल्या.

"किती वेळ झाला?" मी विचारले.

"अर्धा तास. पाणी नितळ आहे," त्या म्हणाल्या. "तरी अजून जरा थांबते."