मुदत संपल्यावरचा न्याय

पराभूत उमेदवाराने न्यायालयाची पायरी चढली की तो रडीचा डाव खेळतो आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने निवडणुकीला आव्हान देण्याचा अधिकार उमेदवाराप्रमाणेच त्या मतदारसंघातील सामान्य मतदारालाही दिलेला आहे.

मतमोजणीत नियम मोडले गेले, अशी तक्रार असेल तर त्यामुळे निकाल बदलला, हेही अर्जदारालाच सिद्ध करावे लागते. गुप्त मतदानात हे किती दुष्कर आहे, हे सांगायला नको. परंतु विजयी उमेदवाराने स्वतः भ्रष्ट मार्ग अवलंबिल्याचे शाबीत झाले, तर मताधिक्याचा प्रश्नच उरत नाही. रायबरेलीत इंदिरा गांधी एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या. तरीही सरकारी नोकरांचे साहाय्य घेतल्याच्या कारणावरून न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ रोजी ती निवडणूक रद्द ठरविली. त्यानंतर कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने कसा बदलण्यात आला, ते सर्वश्रुत आहे. राजनारायण यांची याचिका मात्र १९७१ च्या एप्रिलमधली होती, याची आठवण क्वचितच काढली जाते. चार वर्षे!

मुंबईतील पार्ले मतदारसंघाची कथा याहून उद्बोधक आहे. तेथील पोटनिवडणूक १९८७ च्या डिसेंबरात झाली. धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, तेव्हा १९९५ चा डिसेंबर उजाडला होता. ती विधानसभा १९९० मध्येच इतिहासजमा झाली होती.

याचिका सहा महिन्यांत आणि अपील तीन महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे हाच कायदा म्हणतो. प्रयत्न! अर्जदाराला मात्र ४५ दिवसांची मुदत आहे आणि तिथे प्रयत्नाची भाषा नाही; एका दिवसाचा उशीरही माफ होत नाही. मतदारावर कठोर आणि न्यायसंस्थेपुढे विनम्र, असा हा कायदा आहे. न्यायाधीशांची संख्या अपुरी आहे, हे खरेच. पण ती वाढविणे शासनाच्याच हाती आहे. याचिकांसाठी उच्च न्यायालयांत स्वतंत्र न्यायपीठे नेमावीत, सुनावणी दररोज चालवावी आणि सहा महिन्यांची मुदत बंधनकारक करावी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. संसदेतील साधे बहुमत पुरते, आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये हाच कायदा बदलताना संसदेला काही दिवसच पुरले होते.