न उगवलेले दात

मूल सहा-आठ महिन्यांचे झाले की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे बोट त्याच्या हिरडीवरून फिरू लागते. खालचा दात आधी आला तर आनंद, वरचा आला तर मामाची काळजी. पडलेला दुधाचा दात कौलावर टाकावा की उंदराच्या बिळात, यावरही आपल्या आजीबाईंत मतभेद असतात. दातांचे एवढे कोडकौतुक करणाऱ्या आपल्या घरांत, दात मुळी आलेच नाहीत तर काय करावे, याचे उत्तर मात्र कुणी ठेवलेले नाही. ‘येतील उशिरा, याच्या मामालाही उशिराच आले होते,’ एवढ्यावर वर्षे जातात.

आदिलाबादनजीकच्या एका खेड्यातून एका भगिनीने आम्हांस विचारले आहे : मुलगा दहा वर्षांचा झाला, तोंडात मोजून सात दात, तेही सुळ्यासारखे टोकदार. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करल्यावाचून घशाखाली उतरत नाही. शाळेत मुले ‘म्हातारा’ म्हणून हाक मारतात. हाडात खिळा बसवून पक्के दात करतात असे ऐकले. ते सरकारी खर्चाने होईल काय? प्रश्न एका घरचा असला तरी त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दुधाचे दात वीस आणि कायमचे बत्तीस, ही गणना सर्वांस ठाऊक आहे. त्यांपैकी अक्कलदाढ पुष्कळांना येतच नाही, आणि त्यामुळे कुणाची अक्कल कमी झाल्याचे दिसत नाही. एखाददुसरा दात जन्मतःच नसणे हेही फारसे दुर्मीळ नव्हे. परंतु अक्कलदाढा सोडून सहा किंवा अधिक दातांचा अंकुरच जबड्यात नसेल, तर ती गोष्ट निराळी. अशा काही मुलांच्या बाबतीत दात हे एकच लक्षण नसते. केस विरळ, कातडी कोरडी आणि घामाच्या ग्रंथी अपुऱ्या, अशी सगळी घडणच कमी पडलेली असते. सिंधमधील एका हिंदू कुटुंबात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना असे मोजके दात होते, त्यांना लवकर टक्कल पडे आणि उन्हाळा सोसत नसे, अशी नोंद डार्विनने १८७५ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत केलेली आहे. मुलींना हा दोष दिसत नाही, पण त्यांच्या मुलांत तो उतरतो, हेही त्याने टिपले होते. या विकाराच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराचे मूळ आईकडून येणाऱ्या गुणसूत्रात असते, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून सुनेला बोल लावावा असे मात्र कुणी समजू नये. जे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते, त्याचा जाब तिला कोणत्या न्यायाने विचारावयाचा?

आदिलाबादच्या उन्हाळ्यात दातांपेक्षाही घामाची बाब अधिक जिवावरची आहे. ज्याला घाम येत नाही त्याचे अंग उन्हात तापत जाते. तान्ह्या मुलाला कारण न सापडणारा ताप वारंवार येत असेल आणि दातही दिसत नसतील, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला एकाच वेळी सांगाव्यात. अशा मुलाला वैशाखात ओल्या कपड्याने पुसणे, सावलीत ठेवणे आणि शाळेत गुरुजींना आधी कल्पना देणे, ही कामे दातांच्या आधीची होत.

आता मूळ प्रश्न. टिटॅनियम धातूचा खिळा जबड्याच्या हाडात बसविला असता हाड त्याला धरून ठेवते, हा शोध स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांचा. १९६५ साली त्यांनी ज्या पहिल्या रुग्णावर तो वापरला, तो गोस्टा लार्सन जन्मतःच जबड्याची घडण बिघडलेला होता. त्याच्या खालच्या जबड्यात चार खिळे बसविले गेले आणि २००६ साली तो वारला तोवर ते कामी आले. सारांश, आज जो उपचार हौसेचा म्हणून मोजला जातो, त्याचा पहिला लाभार्थी जन्मजात व्यंगाचाच होता.

परंतु वाढत्या वयात हे करता येत नाही. शेजारचे दात जबड्याबरोबर पुढे सरकतात आणि खिळा मात्र जेथल्या तेथे राहून मागे पडतो. म्हणून मुलींच्या बाबतीत सतरा-अठरा व मुलांच्या बाबतीत त्याहूनही पुढच्या वयापर्यंत थांबावे लागते. एकही दात नसलेल्या काही मुलांना खालच्या जबड्याच्या पुढील भागात लवकर रोपण केले जाते, तो अपवाद. तोवर काढता-घालता येणारी कवळी हाच मार्ग. ती तीन-चार वर्षांच्या मुलालाही बसते. मात्र जबडा वाढेल तशी बदलावी लागते. पुष्कळ आईबाप इतक्या लहानाला कवळी कशी, म्हणून लाजतात. मूल मात्र पंधरा दिवसांत तिला सरावते.

आणि येथेच सरकारी व्यवस्थेची गंमत, खरे तर दैना, दिसते. २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा पथकाने तपासावे अशी त्याची रचना आहे. त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत फाटलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, जन्मजात बहिरेपणा आहे. न आलेले दात नाहीत. दातांचा उल्लेख पुढे आजारांच्या यादीत येतो, म्हणजे किडीच्या पंगतीत. आणि ज्या वयात रोपण करणे शक्य होते, नेमके त्याच वयात या कार्यक्रमाचे दार बंद होते! आरोग्यश्रीसारख्या योजनांची मांडणी मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी असल्याने दंतरोपण तेथे सहसा बसत नाही. बहिऱ्या मुलाच्या कानात यंत्र बसविणे हा सरकारी खर्च होऊ शकतो, तर चावता न येणाऱ्याच्या जबड्यात खिळा बसविणे हा शृंगार कसा, हे आम्हांस उमगलेले नाही. जर्मनीत सार्वजनिक आरोग्यविमा रोपणाचा खर्च सहसा देत नाही, पण आनुवंशिक कारणाने बहुतेक दात नसणे हा तेथील नियमांतच अपवाद धरला आहे. ब्रिटनमधील सरकारी दंतसेवेच्या मार्गदर्शनातही जन्मतः दात नसलेल्यांचा अग्रक्रमात समावेश आहे.

आपली आणखी एक अडचण पैनगंगेची. १९५६ साली किनवट-राजुरा पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. आदिलाबादकराला हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, तर नागपूर २०० च्या आतबाहेर. भाषा आपली, नातलग तिकडे. म्हणून पावले नागपूरकडे वळतात. तेथील शासकीय दंत महाविद्यालयात तपासणी अवश्य करावी. परंतु महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कागद महाराष्ट्राचे लागतात आणि आपली शिधापत्रिका तेलंगणाची, हे निघण्यापूर्वी ध्यानात असावे. मदत मागावयाची ती आपल्याच राज्याकडे.

तेव्हा या भगिनीने काय करावे? प्रथम शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाकडे मुलाचे नाव दंतविकाराच्या सदरात का होईना लिहवून घ्यावे व पुढे पाठविल्याची चिठ्ठी मागावी. चिठ्ठी घेऊन आदिलाबादच्या रिम्समध्ये जावे आणि तेथून हैदराबादच्या अफझलगंजमधील शासकीय दंत महाविद्यालयाकडे पाठविण्याविषयी विचारावे. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो काढून ‘दात जन्मतःच नाहीत’ असे शब्द डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्यावेत. नुसते ‘दात नाहीत’ एवढे लिहिले तर उद्या कारकून ते पडले असे समजेल. कवळी आत्ताच मागावी. रोपणाची वेळ येईल तेव्हा मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे. तो हक्क नव्हे, मेहेरबानी आहे. तेथे जुने कागद जितके अधिक तितके बरे. खासगी दवाखान्यात आठ-दहा दातांचा खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून आमदारांकडे शिफारशीसाठी आयत्या वेळी धावण्यापेक्षा आधीच जाऊन बसावे. जमल्यास दोन-चार घरांनी मिळून जावे आणि हा दोष जन्मजात यादीत घालण्याची मागणीही त्याच बैठकीत लेखी द्यावी.

एक्स-रेची मूळ प्रत कुणाच्याही हाती सोडू नये. अर्जाला नक्कल जोडावी, पोच घ्यावी, आणि मूळ प्रत घरच्या लोखंडी पेटीत, सातबाराच्या जुन्या उताऱ्यांशेजारी ठेवावी.