तिसरी पिन

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड जडते. ताळमेळ बसला नाही की त्याला झोप येत नाही. शाखेत संगणक येण्यापूर्वी ट्रायल बॅलन्समध्ये फरक निघाला की आम्ही रात्री आठ-नऊपर्यंत बसत असू. फरकाला नऊने भाग जातो का, हे आधी पाहायचे. जात असेल तर कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असण्याचा संभव मोठा. मग एकेक लेजर, एकेक व्हाउचर, क्रमाने. घाई झालेला एखादा अधिकारी फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जायचा. पुस्तके जुळायची, चूक मात्र तिथेच राहायची.

हे सगळे मला आठवले ते वायोमिंगमध्ये, एका काळोख्या रात्री.

जुलै २०२३ मध्ये आम्ही उभयता मुलीकडे डेन्व्हरला गेलो होतो. जावयांनी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, सगळे. तो घेऊन आम्ही येलोस्टोन पाहायला निघालो आणि वाटेत एका खासगी कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला. अशा ठिकाणी प्रत्येक जागेपाशी विजेचा एक खांब असतो. त्यात ट्रेलरची जाड केबल खोचली की घरात वीज आली.

या चाकांवरच्या घरात विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. खांबावरून येते ती १२० व्होल्टची. एअरकंडिशनर, मायक्रोवेव्ह, पाणी तापवायचा हीटर तिच्यावर चालतात. दुसरी बॅटरीची, १२ व्होल्टची. दिवे आणि पाण्याचा पंप तिच्यावर. या दोहोंमधला दुवा म्हणजे कन्व्हर्टर नावाची पेटी. खांबावरची वीज घेऊन ती दिव्यांना पुरवते आणि बॅटरीही भरत ठेवते.

रात्री दिवे मिणमिणू लागले, पंप बंद पडला. जावई फ्यूज एकामागून एक काढून पाहू लागले. शेजारच्या ट्रेलरमधले एक वृद्ध गृहस्थ मीटर घेऊन आले. आयुष्यभर दुरुस्तीची कामे केलेला माणूस. त्यांचा पहिलाच प्रश्न मला फार आवडला. ‘बंद काय आहे ते नंतर. आधी चालू काय आहे ते सांगा.’ एअरकंडिशनर चालू होता. म्हणजे खांबावरची वीज येत होती. दोष पलीकडच्या बाजूला. मीटर लावला तर बॅटरी ११.६ व्होल्ट. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी १२.६ च्या आसपास दाखवते, आणि चार्जिंग चालू असेल तर १३ च्या वर. म्हणजे कन्व्हर्टर काम करीत नव्हता. दोन प्रश्नांत त्यांनी अर्धे घर संशयातून मोकळे केले होते.

इतक्यात सौ. सहज बोलून गेली, ‘संध्याकाळी छकुली म्हणत होती, दार चावतंय म्हणून.’

म्हणाली होती खरी. सहा वर्षांची नात ओल्या गवतावर उभी राहून दाराची मूठ धरत होती आणि हात झटकत होती. ‘आजोबा, दार चावतंय!’ आणि मी, शहाणा आजोबा, हसून म्हणालो होतो, ‘कोरड्या हवेत होतं तसं.’

मुलीने ते इंग्रजीत सांगताच गृहस्थांचा चेहरा बदलला. ‘आत आहेत त्यांनी आतच थांबा. बाहेरच्यांनी पत्र्याला हात लावू नका.’ खिशातला पेनासारखा टेस्टर त्यांनी ट्रेलरच्या पत्र्याजवळ नुसता नेला. तो पेटला आणि वाजू लागला. ट्रेलरच्या सगळ्या अंगात वीज उतरली होती. त्यांनी तडक खांबावरचा ब्रेकर पाडला, केबल उपसली आणि बॅटरीच्या उजेडात आमच्यापुढे धरली. तीन पिनांपैकी गोल पिन, अर्थिंगची, मुळापासून तुटलेली होती.

त्यांनी आपली चांगली केबल आणून जोडली. ब्रेकर वर करताच आतला हीटरचा ब्रेकर धाडकन पडला. हीटरच्या कॉइलमधून वीज पत्र्यात झिरपत होती. अर्थिंग नव्हते म्हणून तिला परत जायला वाट नव्हती, म्हणून ब्रेकर गप्प होता. ती वाट पाहत होती कुणीतरी ओल्या जमिनीवर उभे राहून पत्र्याला हात लावण्याची. छकुलीच्या पायात रबरी सपाता होत्या, म्हणून मी आज हा लेख लिहितो आहे.

दिव्यांचा दोष दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. रस्त्याच्या हादऱ्यांनी कन्व्हर्टरच्या वायरीचा स्क्रू सैल झाला होता, वायर तिथे करपू लागली होती.

परत पुण्याला आलो आणि आमच्या घराकडे नव्या नजरेने पाहिले. वॉशिंग मशीनचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये बसवलेला. बसवणारा मीच. सॉकेट लांब होते, अडॅप्टर हाताशी होता, आणि मशीन चालत होते. आपले सगळे घोडे या ‘चालतंय ना?’पाशीच अडतात. फ्यूज सारखा जातो? जाड तार घाला. नळाला झिणझिण्या येतात? चपला घालून आंघोळ करा. हे सगळे सस्पेन्स खात्यात टाकणेच आहे. फ्यूज हा दोष नव्हे, साक्षीदार आहे. त्याचे तोंड बंद करून गुन्हा मिटत नाही.

अर्थिंगची पिन म्हणजे व्हाउचरवरची दुसरी सही. गर्दीच्या दिवशी ती कटकट वाटते. वर्षभर तिच्यावाचून काही अडत नाही, आणि ज्या दिवशी अडते त्या दिवशी फार उशीर झालेला असतो. आपल्या प्लगची ही पिन उगाच लांब ठेवलेली नाही. प्लग खोचताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी, म्हणून.

कुणी म्हणेल, हे इलेक्ट्रिशियनचे काम. बोर्ड उघडणे त्याचेच काम, आपण त्यात हात घालू नये. पण मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवणे, अर्थिंग तपासून घेणे, आरसीसीबी असेल तर तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहणे, एवढे तरी आपले आहे. रविवारी अर्धा तास काढायला हरकत नाही.

आणि घरातले लहान मूल म्हणाले की नळ चावतो, फ्रीज चावतो, तर हसू नका. आधी मेन स्विच बंद करा. मी हसलो होतो.