लाकडी घोड्यावरचे मूल आणि समीक्षेची आढ्यता

मराठीच्या चर्चासत्रांत थीम पार्क हा विषय निघाला की पुढे काय येणार हे निबंधाच्या शीर्षकावरूनच ओळखता येते. पहिल्या पानावर बोद्रियार येतो, दुसऱ्यावर हरवलेली जत्रा येते, तिसऱ्यावर बाजारू संस्कृतीच्या नावाने बोटे मोडली जातात आणि चौथ्यावर 'आजच्या मुलांचे बालपण हिरावले गेले' असा सुस्कारा टाकून निबंध संपतो. या चार पानांत एक गोष्ट मात्र कुठेच नसते: मूल. ज्याच्यासाठी आईबाप सुटीत पहाटे उठून खोपोलीची वाट धरतात, त्या चार-पाच वर्षांच्या जिवाला तिथे नेमके काय होते, हा प्रश्न विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, दोघांच्याही घरी लहान मुले आहेत आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाच निबंध आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. तेव्हा थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: ही टीका भलत्याच जागी घाव घालते. थीम पार्क 'खोटे' असते हा त्याचा दोष नव्हेच. त्याचे खरे दोष वेगळे आहेत, आणि खोटेपणाविषयीच्या आरडाओरड्यात ते सुखरूप निसटतात.

आधी बोद्रियारचे पाहू. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिरूपांविषयीच्या ग्रंथात त्याने डिस्नेलँडबद्दल जे लिहिले, त्याचा रोख मुलांवर नाही. डिस्नेलँडला काल्पनिक म्हणून कुंपण घातले की कुंपणाबाहेरचे लॉस एंजेलिस आणि उरलेली अमेरिका खरी वाटू लागते, आणि बाहेरच्या प्रौढांचा बालिशपणा झाकला जातो, असे त्याचे प्रतिपादन आहे. ते पटो वा न पटो, ते प्रौढांविषयी आहे. उंबर्टो एको तर त्याआधीच, १९७५ च्या निबंधात, अमेरिकेतली मेणाच्या पुतळ्यांची संग्रहालये आणि डिस्नेलँड यांत फरक करून गेला होता. संग्रहालय हुबेहूब असल्याचा आव आणते; डिस्नेलँड आपण कल्पनेचा खेळ आहोत हे उघड सांगते. आमच्याकडच्या निबंधांत हा फरक पुसला जातो, आणि अमेरिकन प्रौढांसाठी शिवलेला अंगरखा खोपोलीतल्या एका बालकाला चढवला जातो. मग तो लोंबतो, यात नवल काय?

या साऱ्या टीकेमागे एक न तपासलेले गृहीतक आहे: मूल फसते. ज्याने कोणी लहान मुलाबरोबर एक दुपार काढली आहे, त्याला हे गृहीतक टिकणार नाही हे ठाऊक असते. भातुकलीतल्या रिकाम्या कपातला चहा मूल भुरके मारत पिते, 'गरम आहे हं' म्हणून फुंकरही घालते, आणि खरी भूक लागली की कप बाजूला ठेवून स्वयंपाकघरात येते. 'खोटं खोटं' हा जोडशब्द मराठी मूल फार लवकर शिकते. त्याचा अर्थ नुसता 'खोटे' असा नाही. खोटे बोलणाऱ्यावर मूल चिडते. खोटं खोटं खेळणाऱ्याच्या गळ्यात पडते. 'लुटुपुटूची लढाई' म्हणताना आपली भाषा हेच सांगते. जो भेद भाषेने पिढ्यान् पिढ्या सांभाळला, तो भाषेच्या प्राध्यापकांना दिसू नये, हे मोठे नवल आहे.

आणि या भेदाचे शास्त्र हवे असेल तर ते आपण दरवर्षी वर्गात शिकवतोच. भरताच्या रससूत्रावरचे श्रीशंकुकाचे विवेचन अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त नोंदवून ठेवले आहे. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती ही सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे आणि सादृश्याचीही नव्हे. ती या चारांहून वेगळी असते. हाच चित्रतुरगन्याय. शंकुकाच्या अनुकरणवादाचे भट्टतौताने खंडन केले हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु कलेतली प्रतीती सत्य-असत्याच्या नेहमीच्या खणांत मावत नाही, हे त्या वादातून उरणारे शहाणपण कोणी नाकारलेले नाही. आता फिरत्या घोड्यांच्या चक्रीसमोर उभे राहून पाहा. मूल घोडा निवडते: पांढरा नको, तो निळ्या खोगिराचा हवा. त्यावर बसल्यावर लगाम ओढते, टाचा मारते, जिभेने टकटक आवाज काढते. घोडा दांड्याला जखडलेला आहे हे त्याला दिसते. तो खरा आहे असे त्याला वाटत नाही, आणि तो खोटा आहे म्हणून ते हिरमुसतही नाही. परीक्षेत ज्या न्यायावर आपण टीप लिहायला सांगतो, तो इथे गोल गोल फिरत असतो, आणि आपण मात्र बोद्रियार उघडून बसलेलो असतो.

यात दुटप्पीपणाही कमी नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण रंगमंचावर अवतरली की सभागृहातली मुले किंचाळतात. २०१८ मध्ये हे बालनाट्य नव्याने रंगभूमीवर आले, तेव्हा मुले भ्रमात ढकलली जात आहेत असे कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'ला आपण कल्पनाशक्तीचे लेणे मानतो, आणि ते योग्यच आहे. मग तोच देश कोणी लोखंड आणि रंग वापरून उभा केला, तर तो एकाएकी फसवणूक कसा ठरतो?

दिवाळीतला किल्ला घ्या. अंगणात दगड, विटा, पोती रचून त्यावर मातीचा लेप, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून उगवलेली हिरवळ, माथ्यावर सिंहासनस्थ महाराज, उतारावर मावळे, आणि पायथ्याशी कुठूनतरी आलेली एक प्लास्टिकची मोटार. हा किल्ला राजगड नाही, प्रतापगड नाही, कोणताच नाही. मूळच नसलेली ही प्रत आहे. प्रतिरूपाची व्याख्या याहून नेमकी कुठे लागू पडेल? पण हिला आपण संस्कृती म्हणतो. आम्हीही म्हणतो. तक्रार एवढीच की व्याख्या लावायची तर सगळीकडे लावावी.

राहिली जत्रा. जत्रा निर्मळ आणि थीम पार्क बाजारू, ही विभागणी ज्यांनी केली त्यांनी जत्रेकडे नीट पाहिलेले नाही. माळेगावची यात्रा खंडोबाची, आणि तितकीच जनावरांच्या बाजाराची. सारंगखेड्याच्या यात्रेचे नाव दूरवर गेले ते घोड्यांच्या खरेदी-विक्रीमुळे. जत्रा म्हटली की पाळणे आले, मौत का कुआँ आला, आरसेमहाल आला, तंबूतला सिनेमा आला. आणि यातल्या प्रत्येकाच्या दाराशी तिकिटे फाडणारा माणूस बसलेला असे. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडले, तेव्हा मराठी माणसाला तिकीट काढून पाळण्यात बसणे नवे नव्हते. नवे होते ते कुंपण, आणि ते केवढ्याला ओलांडता येते हा हिशेब. त्याविषयी पुढे बोलू.

थीम पार्कमध्ये खरोखर कोणाला आनंद होत नसेल, तर तो प्रौढाला. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असे की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असताना तो बाकावर बसून होता, आणि आईबाप व मुले यांना मिळून रमता येईल अशी जागा हवी, हे त्याला तिथे सुचले. १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइमला डिस्नेलँड उघडले त्याचे मूळ असे एका कंटाळलेल्या बापात आहे. आजचा बाप बाकावरून उठला खरा. पण तो रमला का? त्याच्या हातात नकाशा असतो, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि डोक्यात भागाकार: तिकिटाची रक्कम भागिले राइडची संख्या. मुलाला त्याच घोड्यावर चौथ्यांदा बसायचे असते, आणि बाप म्हणतो, 'हे झालं ना आता, पुढे चल, अजून बारा राहिल्यात.' 

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक म्हणजे निजसुखादिविवशता: स्वतःच्याच सुखदुःखाने घेरलेल्या माणसाला रसास्वाद होत नाही. पैसे वसूल करायला निघालेला पालक या विघ्नाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. 'पुन्हा' हा तर लहान मुलाच्या सौंदर्यशास्त्रातला पहिला शब्द. तीच गोष्ट, त्याच शब्दांत. तोच घोडा, त्याच दिशेने. ओवीचे पालुपद ज्याला कळते, त्याला हे कळायला हवे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्याने दोन-तीन खेळांवर समाधान मानावे, रांगेतल्या लोखंडी कठड्याशी मुलाने मांडलेला खेळ हाही दिवसाचाच भाग समजावा, आणि उंचीच्या पट्टीखाली राहिलेल्या धाकट्याला कारंज्यापाशी अर्धा तास भिजू द्यावे. मग तिकीट वसूल होते की नाही याची चिंता उरत नाही. आणि आम्हांस असे दिसते की वसुली करणारा पालक आणि उपहास करणारा समीक्षक यांचा रोग एकच आहे. दोघेही तिथे असून तिथे नसतात. एक किंमत मोजत असतो, दुसरा संकल्पना.

आता खरे दोष. पहिला, रांगेचा. जत्रेत पाळण्याच्या रांगेत पाटलाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा मागेपुढे उभे राहू शकत, निदान कधी कधी. पार्कच्या दारातच एका कुटुंबाचे तिकीट रोजंदारीवर जगणाऱ्या घराची आठवडाभराची कमाई खाऊन टाकते. आणि आत गेल्यावरही समता नाही. डिस्नेने १९९९ साली रांगेत तिष्ठणे टाळण्यासाठी जी सोय आणली, ती सर्वांना विनामूल्य होती. २०२१ मध्ये ती बंद करून तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. अधिक पैसे देणाऱ्याला पुढे काढण्याची ही रीत आता जगभर रुळली आहे. आपल्या देवस्थानांतल्या सशुल्क दर्शनाच्या रांगांचीच ही बहीण. पाच वर्षांच्या मुलाला प्रतिरूप म्हणजे काय ते कळत नाही, पण आपल्या मागून आलेले मूल आपल्या आधी आत गेले हे त्याला लख्ख कळते. तिथे ते खरोखर काही शिकते, आणि तो धडा वाईट आहे.

दुसरा दोष हातांचा. दिवाळीच्या किल्ल्यात मुलाचे हात कोपरापर्यंत मातीने भरतात. पार्कमध्ये त्याला बसवले, बांधले आणि फिरवले जाते. चक्रीवरचे मूल निदान लगाम ओढते. अनेक खेळांत तेवढीही जागा ठेवलेली नसते. तिसरा दोष गोष्टीचा. महाराष्ट्रातल्या या उद्यानांत अलीबाबा भेटतो, डायनासोर भेटतो, 'मिस्टर इंडिया' भेटतो. गोट्या नाही, फास्टर फेणे नाही, चेटकीणही नाही. याचा ठपका व्यापाऱ्यांवर ठेवणे सोपे आहे. पण आम्ही शिकवलेल्या अभ्यासक्रमांत बालसाहित्याला ऐच्छिक विषयाच्या कोपऱ्यात बसवलेले असते. विद्यापीठाने ज्या पात्रांना आत घेतले नाही, त्यांना पार्कने घ्यावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

एका विद्यार्थिनीचा प्रकल्प आमच्यासमोर आहे. चाळीस पाने, बोद्रियार अकरा वेळा. मौखिकीत विचारले, 'तू स्वतः गेली होतीस का?' म्हणाली, 'हो, धाकट्या भावाला घेऊन. तीनदा. त्याला घोड्यांवरून उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. खूप मजा आली.' मग ते यात कुठे आहे? ती गोंधळून म्हणाली, 'तसं लिहायचं नसतं ना, मॅडम?'

हे तिला कोणी शिकवले? आपणच. जो आनंद स्वतः अनुभवला त्याविषयी लाज बाळगायची आणि जो विचार स्वतः केला नाही तो छातीठोकपणे मांडायचा, ही आपल्या विभागांतली समीक्षेची दीक्षा आहे. ती बंद व्हावी एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. थीम पार्कवर जरूर लिहावे, कठोरपणे लिहावे. तिकिटावर, रांगेवर, तिथे कोणाच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि कोणाच्या नाहीत यावर लिहावे. पण त्याआधी एखाद्या लहान मुलाचा हात धरून चक्रीपाशी जावे, आणि ते चौथ्यांदा 'पुन्हा' म्हणाले की घड्याळ न पाहता त्याला पुन्हा बसू द्यावे. ज्या समीक्षेला त्या 'पुन्हा'चा अर्थ लावता येत नाही, तिने रसचर्चा शिकवू नये.